बाँडचे मरण आणि गडकरीचा प्रेक्षक

‘नो टाइम टू डाय’ हा जेम्स बाँडचा पंचविसावा चित्रपट भारतात ३० सप्टेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मात्र त्या दिवशी तो कुठेच लागला नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये बंद झालेली महाराष्ट्रातली चित्रपटगृहे अजून उघडलीच नव्हती. ती २२ ऑक्टोबरपासून निम्म्या आसनक्षमतेने सुरू होतील, असे राज्य सरकारने सप्टेंबरच्या अखेरीस जाहीर केले होते. शेजारच्या गुजरातेत खेळ चालू असताना इथल्या चाहत्यांना आणखी बावीस दिवस कळ काढावी लागली. मुळात हा चित्रपट एप्रिल २०२० मध्ये यायचा होता आणि तारीख पुढे पुढे ढकलली जात दीड वर्ष लांबला होता. त्यावर हे बावीस दिवस. तेवढ्या अवधीत चित्रपटाचा शेवट फुटला. बाँड या वेळी मरतो, ही बातमी पडद्याच्या आधी मोबाइलवर पोचली. २२ ऑक्टोबरच्या शुक्रवारी एक खुर्ची सोडून एक अशा अर्ध्या रिकाम्या सभागृहांत जे प्रेक्षक बसले, त्यांच्यात हे ठाऊक नसलेले फार थोडे असावेत. पुढे काय होणार, या एका प्रश्नावर ज्याची सगळी मदार, असा हेरपट त्यांनी उत्तर हातात घेऊन पाहिला.

त्याला आता चार वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी या शेवटावरून बाँडच्या चाहत्यांत पडलेली फूट बुजलेली नाही. उलट २०२५ मध्ये ती पुन्हा उघडी पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाँडपटांची सूत्रे ब्रोकोली कुटुंबाकडून ॲमेझॉन एमजीएमकडे गेल्याचे जाहीर झाले आणि जूनमध्ये पुढच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून दनी व्हिलनव्ह यांचे नाव आले. नव्या बाँडची चर्चा कुठूनही सुरू केली, तरी ती जुन्याच मुक्कामावर येऊन थांबते: मेलेला माणूस परत कसा येणार? ज्यांना तो शेवट खुपला, त्यांच्या मते मालिकेचा कणाच मोडला आहे. ज्यांना तो भावला, त्यांच्या मते साठ वर्षांत पहिल्यांदा बाँडला माणसाचे आयुष्य मिळाले. मला या वादात दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते. मात्र ही बाजू मांडणारे सहसा जी कारणे देतात, त्यांपेक्षा वेगळे कारण मला दिसते, आणि ते ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या प्रेक्षकाच्या फार जवळचे आहे.

आधी ते मरण नीट पाहू. साफिन या खलनायकाच्या बेटावर एक विषारी अस्त्र तयार होते आहे. एखाद्या माणसाच्या गुणसूत्रांवर बेतलेले अतिसूक्ष्म यंत्रकण, जे स्पर्शाने पसरतात आणि नेमका त्याच माणसाचा जीव घेतात. ब्रिटिश युद्धनौकेवरून क्षेपणास्त्रे सुटतात, पण कारखाना नष्ट व्हायचा तर बेटाची अवजड पोलादी दारे उघडी राहायला हवीत. बाँड ती उघडून निघतो, साफिन ती पुन्हा बंद करतो, आणि झटापटीत बाँडच्या अंगात असे कण सोडतो की यापुढे त्याची प्रेयसी मॅडलीन किंवा त्या दोघांची चिमुरडी मातील्ड यांना त्याने नुसता हात लावला तरी त्या मरतील. साफिनला संपवून, गोळ्या खाल्लेला बाँड मागे वळतो, दारे पुन्हा उघडतो, शिडी चढून छतावर जातो आणि रेडिओवरून मॅडलीनचा निरोप घेतो. मातील्डचे कापडी खेळणे त्याला बेटावर सापडलेले असते. ते त्याने आपल्या पँटच्या गॅलिसमध्ये खोचून ठेवलेले आहे. सहा दशके ज्याच्या अंगावर पिस्तूल आणि क्यूने दिलेली शस्त्रे शोभली, त्याच्या अंगावर शेवटच्या क्षणी एक मळके खेळणे आहे. दिग्दर्शक कॅरी जोजी फुकुनागा त्या खेळण्यावर कॅमेरा रोखून धरत नाही. ते ओझरते दिसते, आणि म्हणूनच टोचते. मग क्षेपणास्त्रे येतात. सुटकेची फट ठेवलेली नाही.

या प्रसंगावरून फूट नेमकी कशी पडली, हे समजायचे तर आपल्याकडे बाँड कोणी कधी पाहिला, हे ध्यानात घ्यावे लागते. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून २०२१ पर्यंत पंचवीस चित्रपट आणि सहा नट. शॉन कॉनरीचे सहा, जॉर्ज लेझनबीचा एक, रॉजर मूरचे सात, टिमथी डाल्टनचे दोन, पिअर्स ब्रॉस्ननचे चार आणि डॅनियल क्रेगचे पाच. ठाण्यात मल्हार, आनंद, गणेश, वंदना होती, डोंबिवलीत टिळक, गोपी, पूजा आणि मधुबन होती. ही मुख्यतः हिंदी-मराठी चित्रपटांची घरे. इंग्रजी चित्रपटाच्या शौकिनाला लोकल पकडून रीगल, इरॉस, स्टर्लिंग किंवा न्यू एम्पायर गाठावे लागे. पुढे व्हिडिओ कॅसेट आली, मग केबल आली, आणि केबलवर बाँड क्रमाने आला नाही. आज मूर, उद्या कॉनरी, परवा ब्रॉस्नन. या पिढीने बाँडची कारकीर्द म्हणून काही पाहिलीच नाही. तिने पाहिला तो काळाबाहेरचा एक माणूस, ज्याचा चेहरा बदलतो पण ऐट, गाडी, स्वतःचे नाव सांगायची तऱ्हा तीच राहते. त्यानंतर मॉल आले, मल्टिप्लेक्स आले, आणि २००६ मध्ये ‘कसिनो रोयाल’ आला. त्या वर्षी जो मुलगा बारा वर्षांचा होता, तो २०२१ मध्ये सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी क्रेग हा सहावा बाँड नव्हता. तोच बाँड होता. ‘कसिनो रोयाल’, ‘क्वांटम ऑफ सोलेस’, ‘स्कायफॉल’, ‘स्पेक्टर’ आणि ‘नो टाइम टू डाय’ असे पाच चित्रपट पंधरा वर्षांत त्याने क्रमाने, एकाच माणसाची गोष्ट म्हणून पाहिले. नट आणि नायक एकत्रच म्हातारे होताना पाहिले. एकाच पडद्याकडे बघणारे हे दोन प्रेक्षक वेगवेगळ्या गोष्टी पाहत होते.

‘हिरो मरायला नको होता’ या वाक्यात तक्रार जेवढी मावते, तेवढी ती सोपी नाही. आपल्या प्रेक्षकाला नायकाचे मरण सोसत नाही, असे म्हणायला काहीच आधार नाही. ‘शोले’तला जय १९७५ पासून मरतो आहे आणि लोक पन्नास वर्षे तो चित्रपट पाहत आहेत. मराठी वाचकाने ‘स्वामी’तले माधवरावांचे मरण आणि ‘मृत्युंजय’मधले कर्णाचे मरण पिढ्यान्पिढ्या डोक्यावर घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ संभाजी महाराजांच्या छळावर आणि बलिदानावर संपतो; महाराष्ट्रभर त्याचे खेळ गर्दीत चालले आणि लोक डोळे पुसत बाहेर पडले. तिथे शेवट ठाऊक होता म्हणून कुणी तिकीट परत केले नाही. ठाऊक होता म्हणूनच तर लोक गेले. तेव्हा अडचण मरणाची नाही. संभाजी महाराजांचे, कर्णाचे, माधवरावांचे मरण हा त्यांच्या कथेचा पहिल्यापासूनचा भाग आहे. बाँडच्या कथेत तो नव्हता. त्याच्याशी प्रेक्षकाचा करारच वेगळा होता: जग बुडेल की नाही ही धाकधूक तू आम्हाला दे, पण तू वाचशील, ही खात्री आम्हाला आधी हवी.

हा करार आपल्यालाही परका नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचे झुंझार, काळापहाड, धनंजय-छोटू कधी थकले नाहीत, निवृत्त झाले नाहीत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वाचनाची इतकी जुनी सवय असलेल्या या पट्ट्यात अर्नाळकरांचा वाचक शोधत हिंडावे लागत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे विद्याभवनातला शाळकरी पोरगाच राहिला. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांनी त्याला चित्रपटात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा केला, अमेय वाघने तो झकास वठवला, तरीही जुन्या वाचकांपैकी काहींना तो ‘आपला फाफे’ वाटला नाही. वय वाढवले एवढीच कुरबुर होती. बाँडला तर मारले. तेव्हा ज्यांना हा शेवट खुपला, त्यांना बालिश ठरवणे अन्यायाचे आहे. न संपणारा नायक ही गोष्टीच्या जगातली फार मोलाची चीज आहे. नोकरी, गाडीची गर्दी, हप्ते, आजारपण यांत ज्याचे सगळे संपत जाते, त्या माणसाला एक तरी जागा अशी हवी असते जिथे कुणीतरी संपत नाही. बाँडने ती जागा साठ वर्षे राखली होती. ती काढून घेतल्याचे दुःख खरे आहे.

तरीही मी म्हणतो की ती जागा काढून घेतलेली नाही, आणि त्यासाठी साक्ष काढतो ती नाटकाची. ठाण्यात मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन आणि घोडबंदरच्या बाजूचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. शनिवार-रविवारी जाहिरातीतला प्रयोग पाहून तिकीट काढणारा जो मराठी प्रेक्षक आज उरला आहे, त्याचा मोठा वाटा या पट्ट्यात आहे. या प्रेक्षकाच्या अंगी एक शिकवण मुरलेली आहे, जी निव्वळ सिनेमावर वाढलेल्याला सहसा मिळत नाही. भूमिका आणि नट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला सांगावे लागत नाही. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले आणि ते इतके त्यांचे झाले की दुसऱ्या कुणाची कल्पना करवेना. पण पुढे दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त, चंद्रकांत गोखले, उपेंद्र दाते, मोहन जोशी आले. प्रत्येकाचे बेलवलकर वेगळे. कुणाचा संताप थोर, कुणाची व्याकुळता. प्रेक्षकांत तट पडले, आजही लागूवाले आणि भटवाले भांडतात. पण ‘बेलवलकर आता संपले’ असे कोणी म्हटले नाही.

आणि बेलवलकर तर दर प्रयोगात मरतात. तिसऱ्या अंकाच्या शेवटी अप्पासाहेब जातात, पडदा पडतो, प्रेक्षक रुमाल शोधतो. दुसऱ्या दिवशी चारच्या प्रयोगाला तिसरी घंटा होते आणि तेच अप्पासाहेब पुन्हा आपल्या सत्काराला सामोरे उभे असतात. कालचे मरण खोटे होते असे कुणाला वाटत नाही, आजचे त्यामुळे कमी अस्सल ठरत नाही. मरण त्या प्रयोगाचे असते. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे: २०२१ मध्ये जो मेला तो डॅनियल क्रेगचा बाँड मेला, पाच अंकांचा एक प्रयोग संपला, आणि ज्या प्रेक्षकाने नाटक पाहिले आहे त्याला हे समजायला हरकत नसावी. चित्रपट स्वतःही तेच सांगतो. बाँड गेल्यावर मॅडलीन गाडी चालवत मातील्डला बाँड नावाच्या माणसाची गोष्ट सांगू लागते, आणि श्रेयनामावली संपता संपता, नेहमीच्या प्रथेप्रमाणे, जेम्स बाँड परत येईल अशी ओळ पडद्यावर येते. काहींना ती ओळ फसवणूक वाटली. मला तीत पुढच्या प्रयोगाची जाहिरात दिसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नाटकात तेच कथानक पुन्हा घडते. बाँडपटांत दर वेळी नवी कथा असते, आधीच्या कथेच्या पुढची. ‘नटसम्राट’चा दुसरा भाग निघाला असता, तर त्यात बेलवलकर जिवंत दाखवता आले असते का? आक्षेप घेणाऱ्यांकडे पुरावेही आहेत. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’मध्ये लेझनबीच्या बाँडचे ट्रेसीशी लग्न होते आणि तासाभरात ती गोळीला बळी पडते. १९८१ मध्ये ‘फॉर युअर आइज ओन्ली’त रॉजर मूरचा बाँड तिच्या कबरीवर फुले वाहतो, १९८९ मध्ये ‘लायसन्स टू किल’मध्ये डाल्टनच्या बाँडच्या त्या मोडलेल्या संसाराचा उल्लेख निघतो. नट तीन, विधुर एकच. मग हे सगळे एक आयुष्यच झाले की! शिवाय निर्मात्यांनी स्वतः सरमिसळ केली. ‘कसिनो रोयाल’मध्ये बाँडला ००७ चा दर्जा नव्याने मिळतो, म्हणजे पाटी कोरी, पण त्याची वरिष्ठ एम मात्र ब्रॉस्ननच्या काळातलीच, ज्युडी डेंच. ‘स्कायफॉल’मध्ये गॅरेजमधून बाहेर येणाऱ्या ॲस्टन मार्टिनला ‘गोल्डफिंगर’मधली, १९६४ ची, शेजारच्याला आसनासकट उडवून देणारी सोय शाबूत असते. क्रेगच्या कोऱ्या पाटीवर कॉनरीची गाडी आली कुठून? ज्यांनी आठवणींचा हा माल विकला, त्यांनीच शेवटी ‘हा वेगळा बाँड होता’ म्हणावे, याचा जुन्या चाहत्यांना राग आला असेल तर तो समजण्यासारखा आहे. इथे निर्मात्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवले होते, यात शंका नाही.

पण या पुराव्यांना फार ताणता येत नाही. १९६२ मध्ये जो मुरलेला हेर होता, तो २००२ मध्ये ‘डाय अनादर डे’त अदृश्य गाडी चालवताना हिशेबाने सत्तरीत असायला हवा. मूर १९८५ मध्ये शेवटचा बाँड झाला तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता, आणि दोनच वर्षांनी डाल्टनच्या रूपाने बाँड चाळिशीवर आला. प्रेक्षकाने हे निमूट मान्य केले. ट्रेसीच्या कबरीवरची फुले मान्य केली आणि वय उतरलेले मान्य केले. दोन्ही एकाच वेळी. म्हणजे ते एक आयुष्य आहे असे कुणी खऱ्या अर्थाने मानतच नव्हते. काही धागे मधूनच उचलायचे, काही सोडायचे, ही मुभा सगळ्यांनी दिली होती. वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’तला लाल्या १९६६ मध्ये काशिनाथ घाणेकरांनी अजरामर केला. २०१९ मध्ये सुबोध भावे त्याच भूमिकेत उभे राहिले तेव्हा प्रेक्षक घाणेकरांच्या लकबींची वाटही पाहत होता आणि नव्या लाल्याला जोखतही होता. ज्यांच्या नावाचे नाट्यगृह ठाण्यात उभे आहे, त्यांच्या भूमिकेत दुसरा नट पाहणे हा द्रोह नाही, हे जो प्रेक्षक मानतो, त्याला ‘स्कायफॉल’मधली कॉनरीची गाडी खटकू नये. ती जुन्या प्रयोगाला केलेला मुजरा आहे.

दुसरा आक्षेप इयन फ्लेमिंगच्या नावाने घेतला जातो: मूळ लेखकाने बाँडला मारले नाही, बाप केले नाही, मग चित्रपटवाल्यांना काय अधिकार? पुस्तके उघडली की हा आक्षेप उभाच राहत नाही. १९५७ च्या ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ या कादंबरीच्या शेवटच्या पानावर रोझा क्लेबच्या बुटातल्या विषारी पात्याने बाँड जमिनीवर कोसळतो आणि कादंबरी तिथेच संपते. वाचकांना वर्षभर तसेच ठेवून १९५८ मध्ये ‘डॉ. नो’त फ्लेमिंगने त्याला उठवले. १९६४ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये तर बाँड मेला असे समजून ‘द टाइम्स’मध्ये त्याचा मृत्युलेख छापून येतो, स्मृती गेलेला बाँड जपानी बेटावर किस्सी सुझुकीबरोबर राहत असतो आणि तिच्या पोटात त्याचे मूल असते, जे त्याला ठाऊकही नसते. मृत्यू, मूल, बेट, खलनायकाची विषवल्लींची बाग, हे सगळे त्या एका कादंबरीत आहे, आणि ‘नो टाइम टू डाय’ने ते तिथूनच उचलले आहे. साफिनच्या बेटावरची विषारी बाग ही फ्लेमिंगच्या बागेची नात आहे. फरक इतकाच की फ्लेमिंगने सुटकेची फट ठेवली आणि चित्रपटाने ती बुजवली. बाँड मऊ झाला, संसारी झाला, या तक्रारीलाही इथेच उत्तर मिळते. ००७ हा क्रमांक नोमी या स्त्री हेराला दिल्यावर जो गदारोळ झाला, त्याबद्दल फार लिहावेसे वाटत नाही: बाँड निवृत्त झाल्यावर तो क्रमांक दुसऱ्याला देणे ही कुठल्याही कचेरीतली रीत आहे, आणि चित्रपटात नोमी स्वतःच तो बाँडला परत द्यावा असे सुचवते.

हा सगळा धंद्याचा डाव, असेही म्हणणारे आहेत. मला उलट दिसते. साठ वर्षे दूध देणारी गाय कुणी धंदेवाईक हिशेबाने मारत नाही. क्रेगने पुढे मुलाखतींत सांगितले आहे की ‘कसिनो रोयाल’च्या वेळी, २००६ मध्येच, त्याने निर्मात्या बार्बरा ब्रोकोली यांना विचारले होते की शेवटच्या चित्रपटात मी याला मारू शकतो का, आणि त्यांनी होकार दिला होता. तो होकार पंधरा वर्षांनी पाळला गेला. ज्या बाँडची सुरुवात दाखवली, त्याचा शेवटही दाखवायचा, हे एवढ्या आधी ठरले असेल, तर त्याला ऐनवेळची चमकदार युक्ती म्हणता येत नाही.

चित्रपटाचे खरे दोष निराळे आहेत, आणि शेवटाच्या समर्थकांनी ते झाकू नयेत. साफिनला नक्की हवे आहे काय, हे १६३ मिनिटांत कळत नाही. आपल्या कुटुंबाचा सूड त्याने घेतला, तो स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेवर. त्यानंतर लाखो माणसे मारायचे कारण तो जे सांगतो ते शब्दांचे धुके आहे. रामी मालेकसारखा नट पुटपुटण्यात वाया गेला. ज्या हातून नायकाला मरण यायचे, तो हात एवढा निर्जीव असावा, हे कथेचे मोठे अपयश आहे. तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड, त्याला तर येता-जाता संपवले. अॅना दे आर्मासची पलोमा क्यूबातल्या त्या एका प्रसंगात सगळा चित्रपट हलका करून टाकते आणि नंतर दिसतच नाही. दुसरीकडे सुरुवातीचा, मातेरा या शहरातला भाग जमून आला आहे: ‘कसिनो रोयाल’मधली प्रेयसी व्हेस्पर हिच्या कबरीपाशी झालेला स्फोट, बहिऱ्या कानांनी धावणारा बाँड, चौकात चहूकडून गोळ्या लागत असताना गाडीत गप्प बसून मॅडलीनकडे न पाहणारा बाँड. त्या काही सेकंदांत तो स्वतःला मरू द्यायला तयार असतो, रागाने. शेवटी तो मरायला तयार होतो ते प्रेमाने. हान्स झिमरने १९६९ च्या चित्रपटातल्या गाण्याची धून इथे आणि अखेरीस वापरली आहे, म्हणजे ट्रेसीच्या मरणाचा सूर बाँडच्या मरणाला लावला आहे. त्या १९६९ च्या चित्रपटाकडे तेव्हा कॉनरी नसल्यामुळे अनेकांनी पाठ फिरवली होती. आज चोखंदळ चाहते त्याला उत्तम बाँडपटांत मोजतात. शोकान्त बाँडला वेळ लागतो, एवढे त्यावरून म्हणता येते.

आपल्या बाजूला ही फूट आणखी एका कारणाने तीव्र झाली असावी. आपल्याकडचे हेरपट नेमके उलट्या तत्त्वावर चालतात. १९६७ च्या ‘फर्ज’मधला जितेंद्रचा एजंट ११६ असो, १९७९ च्या ‘सुरक्षा’तला मिथुनचा गनमास्टर जी-९ असो, इथे हेराला नटापासून वेगळे काढता येत नाही. यशराजच्या मालिकेत २०१२ च्या ‘एक था टायगर’पासून टायगर म्हणजे सलमान, २०२३ चा पठाण म्हणजे शाहरुख, ‘वॉर’मधला कबीर म्हणजे हृतिक. उद्या दुसऱ्या नटाला टायगर म्हणून आणले, तर मॉलमधला काय आणि एकपडद्यावरचा काय, कुठलाच प्रेक्षक ते ऐकून घेणार नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘वॉर २’ लागला तेव्हा चाहत्यांची भांडणे कथेवरून कमी आणि हृतिक व एनटीआर यांच्यात कुणाला पडदा जास्त मिळाला यावरून अधिक झाली, ती यामुळेच. तिथे शिट्टी नटाला असते. या सवयीने ‘नो टाइम टू डाय’ पाहिला की क्रेग गेला म्हणजे बाँड गेला, असेच वाटणार. क्रेगच्या पिढीचे बाँडप्रेम मला म्हणूनच थोडे हिंदी सिनेमाच्या वळणाचे वाटते: त्यांनी भूमिकेवर नव्हे, नटावर जीव लावला, आणि नट जाताना भूमिकाही त्याच्याबरोबर चितेवर गेली याचे त्यांना समाधान वाटले. उलट कॉनरी-मूरवाल्यांना भूमिका हवी होती, पण त्यांनीही तिला एका नटाच्या मरणाबरोबर मेलेली समजून शोक केला. नाटकाच्या प्रेक्षकाची नजर या दोघांनी थोडी थोडी उसनी घेतली असती, तर भांडण इतके चिघळले नसते.

इथे ते बावीस दिवस पुन्हा मोजायला हवेत. शेवट आधी कळल्याने मजा गेली, ही तक्रार त्या दिवाळीआधीच्या दिवसांत सर्रास होती. पण शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला दुसरे काहीतरी मिळाले: ‘छावा’ पाहणाऱ्याला किंवा ‘नटसम्राट’ दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला जे मिळते ते. मातेरातल्या गाडीतला गप्प बसलेला बाँड त्याने शेवटाच्या उजेडात पाहिला. मातील्ड पहिल्यांदा दारात उभी राहते, बाँड तिच्यासाठी सकाळी सफरचंद सोलतो, हे प्रसंग उत्सुकतेने भरधाव जाणाऱ्याच्या हातून निसटतात. ज्याला पुढचे माहीत आहे, तो तिथे थांबतो. महाराष्ट्रातल्या चाहत्याला हा चित्रपट पहिल्याच खेळात दुसऱ्यांदा पाहायला मिळाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

राहिला प्रश्न पुढच्या बाँडचा. मेलेला कसा परतला, याचा खुलासा व्हिलनव्हने करावा, अशी एका गटाची मागणी आहे. जुळा भाऊ, स्वप्न, बेटाखालचे भुयार, अशा तोडग्यांवर चाहते हिरिरीने बोलतात. शेरलॉक होम्सला कॉनन डॉयलने १८९३ मध्ये धबधब्यात लोटले आणि वाचकांच्या रेट्यापुढे १९०३ मध्ये परत आणताना कुस्तीच्या डावाचा खुलासा रचला. तो आजही कुणाला फारसा पटत नाही. दत्ता भटांच्या बेलवलकरांनी लागूंचे बेलवलकर कुठे गेले हे सांगितले नाही, आणि नव्या बाँडनेही सांगू नये. नवा नट यावा, त्याने नाव सांगावे आणि कामाला लागावे. तो दिवस येईल तेव्हा ठाणे-डोंबिवलीच्या मल्टिप्लेक्सांत खरी परीक्षा होईल ती क्रेगच्या मरणाची बाजू हिरिरीने घेणाऱ्या तरुण चाहत्यांची. आपला बाँड जाऊन त्याच नावाने दुसरा कुणी उभा आहे, हे त्यांना पहिल्यांदाच सोसावे लागेल. ज्यांना क्रेगचा शेवट मुळीच रुचला नाही, त्या वडीलधाऱ्यांना या अनुभवाची सवय १९७३ पासून आहे. कॉनरी जाऊन मूर आला तेव्हा त्यांनीही नाके मुरडली होती, आणि मग सात चित्रपट पाहिले होते.